नवरदेवाच्या गाडीतून आलेला हार्ट अटॅक

आमच्या रुग्णालयात मला माझ्या नावानं कुणी ओळखत नसे. 'तारावाली सिस्टर कुठंय?' असं विचारलं की शिपाई थेट माझ्या खोलीकडे बोट दाखवायचा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझी सगळी नोकरी झाली, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं मी ईसीजीच्या मशीनपाशी उभी राहून काढली. छातीला चिकटवायच्या सहा तारा, हातापायांना लावायच्या चार, मध्ये थंडगार जेली आणि पेशंटच्या चेहऱ्यावर हमखास एकच प्रश्न.

'शॉक बसंल काय गो बाय?'

नाही हो, बसत नाही. आपण हृदयाला काही देत नाही, हृदय जी बारीकशी वीज स्वतःच तयार करतं ती फक्त ऐकून कागदावर उतरवतो. दहा तारांमधून मशीन हृदयाकडे बारा बाजूंनी बघतं. घराला प्रदक्षिणा घालून कुठली भिंत ओली आहे ते पाहावं, तसंच. एवढं सगळं मी दर वेळी समजावून सांगायची आणि ते ऐकून डोळखांबकडची एक म्हातारी एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली होती, 'मनातला सगला छापून येतो का? मंग सुनंला दाकवू नुको.'

मी तिला वचन दिलं. सुनेला दाखवलं नाही.

मुरबाडच्या एका पैलवानाची गोष्ट तर अजून सांगते. छातीवर एवढे केस, की तार चिकटेना. मी वस्तरा घेऊन रुपया-रुपयाएवढ्या सहा जागा साफ केल्या. रिपोर्ट उत्तम आला. पण दोन दिवसांनी त्याची हळद होती. हळद लावायला बसलेल्या बायकांनी ती सहा ठिगळं पाहिली, आणि त्याची होणारी मेहुणी मला रुग्णालयात येऊन विचारून गेली, की हा कसला रोग आहे, लागण होते का!

तर असं ते मशीन. आता हार्ट अटॅक म्हणजे काय, तेही सांगून टाकते, कारण लोक याला 'हार्ट बंद पडला' म्हणतात आणि ते बरोबर नाही. हृदय साऱ्या अंगाला रक्त पोहोचवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते आणणाऱ्या नळ्या बारीक असतात. भाताच्या खाचरांना पाणी देणारा पाट असतो ना, तशा. वर्षानुवर्षं त्यांच्या आतल्या कडेला चरबीचा थर बसत जातो. तंबाखू, मिसरी, विडी, वाढलेली साखर, वाढलेलं प्रेशर, सगळे मिळून तो थर वाढवतात. एक दिवस थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि पाट तुंबतो. पलीकडचं खाचर वाळायला लागतं. मात्र ते एका क्षणात वाळत नाही. हळूहळू वाळतं, आणि तेवढ्या वेळात पाट मोकळा केला तर पीक वाचतं. आमचा सगळा धंदा त्या 'तेवढ्या वेळा'चा. आणि आमची माणसं नेमका तोच वेळ सोडा पिण्यात, ओवा चावण्यात आणि पाठीला बाम चोळून घेण्यात घालवतात.

एक मास्तर होते. मुरबाडच्या बाजूचे, बाजाराच्या दिवशी आले होते. पोटाच्या वर, बरगड्यांच्या मध्ये जळजळ होतेय म्हणाले. मी ईसीजी काढला, रेघ स्वच्छ. डॉक्टरांनी सांगितलं, तासाभरानं पुन्हा काढू, बसून राहा. पहिली रेघ कधीकधी फसवते, म्हणून दुसरी काढायची असते. मास्तर मला हळूच म्हणाले, 'सिस्टर, माझी एसटी जाईल हो.' माझ्या खोलीबाहेर रांग होती. मी म्हटलं, 'रेघ तर चांगली आहे मास्तर. जरा जपा.' ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावचा माणूस सांगत आला, की मास्तर संध्याकाळी अंगणात खुर्चीवरच गेले.

ती रांग काही महत्त्वाची नव्हती. सर्दी-खोकलाच होता बहुतेक. त्या दिवसानंतर मी 'रेघ चांगली आहे' हे शब्द तोंडातून काढले नाहीत. शिवाय एक नियम केला. दुसरा ईसीजी व्हायचा असेल तर पेशंटच्या चपला माझ्या कपाटात कुलपात. कितीतरी पुढारी मंडळी माझ्या खोलीबाहेर अनवाणी बसलेली लोकांनी पाहिलीत. तक्रारीही झाल्या. होऊ देत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. निवृत्तीच्या आदल्या वैशाखातली.

डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर मंदा नावाची आशाताई आहे. आशाताई म्हणजे गावातल्या गरोदर बायका, लसी, ताप-खोकला यांच्या मागे उन्हातान्हात फिरणारी आरोग्यखात्याची कार्यकर्ती. मंदानं मला बरेच पेशंट आणून दिलेले, त्यामुळे तिच्या मुलीच्या, कविताच्या लग्नाला मी रजा टाकून गेले. सकाळी दहाच्या सुमाराला पोहोचले तर मांडव आंब्याच्या डहाळ्यांनी भरलेला, वरात आलेली, नवरदेवाची पांढरी बोलेरो झेंडूनं मढवलेली, आणि मांडवाच्या मधोमध ताराबाई बसलेल्या.

ताराबाई म्हणजे आमच्या भागातल्या धवलारीण. धवलारीण लग्नाची गाणी गाते, पण ते करमणुकीचं गाणं नव्हे. त्या गाण्यांनी देव बोलावले जातात, पूर्वज बोलावले जातात, नवरीला हळद चढते, आणि शेवटचा धवला, म्हणजे तिचं शेवटचं गाणं, पुरा झाला की मगच अक्षता पडतात. बाई साठीच्या पुढच्या, काटक, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या पाड्याला निमंत्रण वेगळं द्यायला लागत नाही. ती एक ओळ म्हणणार आणि मागच्या चार बायका ती झेलणार.

मी चहा घेऊन टेकले आणि ऐकू लागले. दोन गाणी झाली. तिसऱ्यात ताराबाई एका ओळीशी थांबल्या, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबल्या. उजव्या हातानं जबडा दाबला. वैशाखाचा उकाडा होताच, घाम सगळ्यांनाच आलेला. पण सगळ्यांचा घाम चिकट आणि गरम असतो. मी जवळ जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावला, तर गार. माठाला बाहेरून येतं तसं गार पाणी.

'काय होतंय आत्या?'

'काय नाय गो. दाढ ठनकते. आन खांद्यात भरून आलाय. पित्त झालाय.'

'छातीत?'

'छातीत दुकत नाय. कोनतरी बसल्यावानी वाटताय.'

बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो. त्या छाती धरून कोसळत वगैरे नाहीत. जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, दम लागतो, विनाकारण थकवा येतो, आणि घरातले सगळे म्हणतात, पित्त आहे. मी मंदाला हाक मारली. ती नवरीच्या आईचा शालू नेसून, हातात हळदीचं ताट घेऊन आली, आणि ताराबाईंकडे एकदा बघून तिनं ते ताट सरळ विहीणबाईंच्या हातात दिलं.

'सिस्टर, हार्ट?'

'वाटतंय तसंच.'

मंदानं सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती कसाऱ्याच्या दिशेला दुसरा पेशंट घेऊन गेलेली. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लातूरकडचे, नवे, तरणे, आणि फार घाईनं बोलणारे. मी लक्षणं सांगितली. त्यांनी विचारलं, पोटात व्रण, रक्ताची उलटी, ॲस्पिरिनची ॲलर्जी असं काही आहे का? मंदाला तिच्या पाड्यातल्या प्रत्येकाचं पोट पाठ. नाही म्हणाली. 'मग ॲस्पिरिनची गोळी चावून खाऊ द्या, एक पाऊलसुद्धा चालू देऊ नका, अन् मिळेल त्या गाडीनं आणा. मशीन लावून ठेवतो.' गोळ्या माझ्या पर्समध्ये कायम असतात. बायका पर्समध्ये लिपस्टिक ठेवतात, मी हे ठेवते.

गोळी त्यांनी चावली. पण उठायला तयार होईनात.

'धवला अर्ध्यावर टाकून उटली ना, तं पोरीचा वायट व्हईल. माजी आजी उटली नाय, आई उटली नाय. मी कशी उटू?'

मी हात जोडले. त्यांच्या मागच्या बायकांनी हात जोडले. आमच्या पाड्यांवर लग्न धवलारीणच लावते, नाहीतर भटजींनीही जोडले असते. शेवटी नवरीच आली. अंगभर हळद, डोक्याला मुंडावळ्या, ती कविता ताराबाईंच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, 'आज्जे, तू मांडवात मेलीस ना, तर मी जल्मभर हीच कहाणी ऐकंन. मला नको. तू ऊट. तुज्याबिगर मी अक्षता घेनार नाय, मंग तर झालं?'

'खरा बोलतेस?'

'हलदीच्या अंगानं खोटं बोलंन?'

ताराबाई तयार झाल्या. आता गाडी. दारात एकच गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी होती, ती नवरदेवाची. नवरदेव बिचारा किल्ली घेऊन स्वतःच पुढे आला. चौघांनी ताराबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि मागच्या सीटवर, उशा लावून, अर्धवट बसतं केलं. मी शेजारी. पुढे नवरदेवाचा ड्रायव्हर. गाडीच्या काचेवर थर्माकोलच्या अक्षरात दोन नावं, मध्ये बाण लागलेला लाल बदाम. हो, बदामच. हृदय!

आणि निघालो. ते वळणावळणाचे रस्ते, दोन्ही बाजूला तापलेली रानं, आणि प्रत्येक फाट्यावर माणसं वाकून गाडीत बघतायत. फुलांची गाडी, म्हणजे आत नवरी असणार. आत बघतात तर पांढऱ्या केसांच्या नवरीचा हात मी धरून बसलेली. एका फाट्यावर कुणाचा तरी बँडवाला बसची वाट बघत उभा होता, त्यानं आमची गाडी बघून सवयीनं ढोलावर दोन थापा मारल्या. ताराबाईंनी डोळे उघडले.

'आलो का गो मंडपात?'

'नाही आत्या, किन्हवली यायचीय अजून.'

'मंग ह्यो का वाजिवतो?'

'तुम्हाला बघून.'

त्यांना हसू आलं. मलाही आलं. मी एकीकडे त्यांच्या नाडीवर बोटं ठेवून होते, आणि हसू आवरत नव्हतं. ड्रायव्हर आरशातून बघत होता, की यातली पेशंट नक्की कोणती.

रुग्णालयात डॉक्टर दारात स्ट्रेचर घेऊन उभे. मी लग्नाच्या पैठणीतच तारा लावल्या. कागद सरसरत बाहेर आला. निरोगी माणसाची रेघ कशी असते? एक उंच टोक, मग सपाट जमीन, मग एक बुटकी टेकडी. ताराबाईंच्या तीन पट्ट्यांत सपाट जमीन उरलीच नव्हती. टोकापासून टेकडीपर्यंत सगळं उचललेलं. हृदयाच्या खालच्या बाजूची नळी बंद. डॉक्टरांनी कागद बघितला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मागवलं. ते देण्याआधी प्रश्न विचारावे लागतात, कारण त्या औषधानं रक्तस्राव होऊ शकतो.

'मावशी, डोक्याला कधी मार लागला का? लकवा? ऑपरेशन?'

'नाय.'

'तंबाखू?'

'आमच्यात बाया तंबाकू खात नाय.'

'मिसरी?' मी विचारलं.

ताराबाई छताकडे बघू लागल्या. मी त्यांच्या कमरेची चंची सोडली. आत मिसरीची डबी, आणि तिच्यासोबत राखीव म्हणून दुसरी डबी. दिवसातून किती वेळा, विचारलं तर म्हणाल्या, 'गान्याआधी एकदा, गान्यानंतर एकदा, आन जवा गाना नसतो तवा.' मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दाताला लावली म्हणून ती दाताशी थांबत नाही, रक्तात जाते, नळ्या आवळते. दोन्ही डब्या मी जप्त केल्या.

इंजेक्शन गेलं. मॉनिटर लावला. डॉक्टर आणि मी त्या हिरव्या रेघेकडे बघत बसलो. मधूनच ठोके वेडेवाकडे पडले, डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. नळी उघडताना असं होऊ शकतं, हे दोघांनाही माहीत, तरी मी ताराबाईंची नाडी धरलीच. मग ठोके सरळ झाले. थोड्या वेळानं ताराबाई म्हणाल्या, 'उतारला गो. छातीवर बसलेला उटून गेला.' पुन्हा तारा, पुन्हा कागद. उचललेली जमीन खाली येत होती. मी तो कागद हातात घेऊन त्या छोट्या खोलीत गोल फिरले. पैठणीत. डॉक्टर बघतच राहिले.

आणि तेवढ्यात मंदाचा फोन. 'सिस्टर, आत्या कशी हाय?' मी सांगितलं. पलीकडे मांडवभर ओरडा झाला. मग मंदा रडवेल्या आवाजात म्हणाली, 'पण हितं सगलं खोलंबलंय वो. कविता उटतच नाय. शेवटच्या धवल्याचं शब्द कोनाला येत नाय. बाया नुसत्या झेलतात, गान्याची पुडची वल आत्याच्याच पोटात.'

मी डॉक्टरांना सांगितलं. ते दचकले. 'गाणं? आत्ता? अटॅक आलाय त्यांना! अजून पुढं ठाण्याला पाठवायचंय, अँजिओग्राफी व्हायचीय.'

'दाक्तर,' ताराबाई शांतपणे म्हणाल्या, 'त्ये गाना माज्या छातीवर बसला तं तुमचा औशद त्याला उटवायचा नाय.'

डॉक्टरांनी मॉनिटर पाहिला, प्रेशर पाहिलं, पुन्हा मॉनिटर पाहिला. लातूरचा माणूस. त्यानं कधी धवलारीण ऐकलीही नव्हती. 'कुजबुजायचं फक्त,' ते म्हणाले. 'ओळीचे पहिले दोन शब्द. ठोके वाढले की मी फोन बंद करणार.'

मग फोन स्पीकरवर टाकून मी ताराबाईंच्या तोंडाशी धरला. त्या कुजबुजल्या, 'मांडवाच्या दारी...' आणि पलीकडून, डोळखांबच्या पलीकडून, चार बायकांनी ती ओळ उचलली,

मांडवाच्या दारी गो, कोन उभी ऱ्हायली,
नवरीची मावली, डोळं पुशीत ऱ्हायली.

दुसरी ओळ. तिसरी. वॉर्डातल्या पेशंटच्या नातेवाईक बायका दारात जमल्या. बहुतेक आमच्याच पाड्यांवरच्या. त्यांनीही झेलायला सुरुवात केली. एक बाई सलाइनची बाटली हातात उंच धरून गात होती, ती ज्याची होती तो तिचा नवरा खाटेवर टाळ्या वाजवत होता. ताराबाईंचा आवाज नाही, फक्त ओठ आणि एक बोट, आणि त्या बोटावर दोन तालुक्यांच्या बायका चाललेल्या. डॉक्टर मॉनिटरला डोळे लावून उभे. 'ब्याऐंशी... ब्याऐंशी... चौऱ्याऐंशी... हळू मावशी... ब्याऐंशी.' ते सुद्धा तालात बोलायला लागले, हे त्यांना कळलंच नाही.

धवला पुरा झाला. फोनमधून 'सावधान' ऐकू आलं. वॉर्डात अक्षता नव्हत्या, कुणीतरी डब्यातला भात टाकला. तो मीच नंतर झाडून काढला, आणि झाडताना हसत होते.

ताराबाई त्याच दुपारी ॲम्ब्युलन्समधून ठाण्याला गेल्या. नळीत स्टेंट बसला. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी, ती पाट उघडा धरून ठेवते. आठवड्यानं घरी आल्या. त्यानंतरचे महिने मंदानं त्यांचा पिच्छा सोडला नाही. गोळ्या रोज, एकही चुकवायची नाही. सुकी मासळी आणि पापड कमी, कारण त्यातलं मीठ प्रेशर वाढवतं. आधी ओढ्यापर्यंत चालायचं, मग ओढ्यापलीकडे. मिसरी बंद. मिसरीवाचून पहिले पंधरा दिवस त्यांनी मंदाला अशा शिव्या दिल्या, की मंदा म्हणाली, तिच्या माहितीत भर पडली. मग हात आपोआप कमरेकडे जाणं थांबलं. तुळशीलग्नानंतर डॉक्टरांनी गायची परवानगी दिली, पण बसून, आणि मध्ये विश्रांती घेऊन. विश्रांतीत कविता गायची. आता सगळे शब्द तिच्या वहीत आहेत.

त्याच हंगामात ताराबाईंनी धवल्यात एक नवं कडवं घातलं. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. ताराबाई म्हणाल्या, मेलेली धवलारीण पायजे का गाती, ते ठरवा.

माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. सकाळी नऊच्या आसपास उंबरमाळीकडचा एक माणूस आला. आला म्हणजे आणला गेला. बायकोनं त्याला रिक्षात घालून आणलं होतं आणि त्याचा दंड ती सोडत नव्हती. तो चिडलेला.

'पित्त हाय सिस्टर. हिनं जेवन पन केलं नाय, सरळ गाडीत कोंबला.'

मी तारा लावल्या. कागद बाहेर आला आणि मी डॉक्टरांना हाक मारली. उचललेली जमीन. डॉक्टर धावत आले. 'कधीपासून दुखतंय?'

बायको म्हणाली, 'आर्दा पाऊन तास झाला आसंल.'

मी आणि डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दुखणं अंगावर काढून दुसऱ्या दिवशी आलेले पाहिले, संध्याकाळी आलेले पाहिले. अर्धा पाऊण तास? एवढ्या लवकर तर आमच्याकडे कुणी सर्दीलाही येत नाही. डॉक्टर इंजेक्शनची तयारी करत असताना मी त्या बाईला विचारलं, 'तुम्हाला कसं कळलं हो हे पित्त नाही ते?'

ती लाजली. पदर तोंडाला लावला. नवरा खाटेवरून म्हणाला, 'सांग की आता. रस्ताभर माज्या कानाशी तेच म्हनत व्हतीस.' मग तिनं हळू आवाजात, आमच्या त्या जेलीच्या वासाच्या खोलीत, गाऊन दाखवलं,

घाम आला गार गो, जबडा ठनकला,
पित्त नको म्हनू बाय, गाडीत घाल धन्याला.

'पुतनीच्या लग्नात आयकला,' ती म्हणाली. 'डोळखांबची म्हातारी गात व्हती.'

डॉक्टरांच्या हातात सिरिंज होती. 'सिस्टर,' ते म्हणाले, 'पुढची ओळ काय आहे?'

मला येत होती. मी म्हटली. बाईनं झेलली. आणि तो उंबरमाळीचा माणूस, सुई शिरत असताना, डोळे मिटून पुटपुटला, 'बायको बरोबर निघाली म्हंजे आता हे जल्मभर आयकायचं.'

तो अजून ऐकतोय. परवा भाजी घेताना भेटला. बायको बरोबर होती, आणि टोपलीत लोणच्याची बरणी टाकायला निघालेला त्याचा हात तिनं अर्ध्यावर धरला होता.